पत्रास कारण की... मुक्काम टोमिस

जुन्या मराठी पत्राचा मायना ठरलेला असायचा. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, आणि मग 'इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे'. रोमन लोकांचंही असंच होतं. अमक्याने तमक्याला 'सालूस' पाठवायचा. लॅटिनमध्ये सालूस म्हणजे नमस्कारही आणि क्षेमही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या काठावरून एका कवीने मित्राला पत्र लिहिताना नेमकं या शब्दावरच बोट ठेवलं. जे आपल्यापाशीच नाही ते दुसऱ्याला पाठवायचं तरी कसं, अशी त्याची तक्रार होती.

हा कवी म्हणजे ओव्हिड. जन्म इ.स.पू. ४३, गाव इटलीतलं सुल्मो. आणि हे पत्र पद्यात होतं!

पद्यात पत्र लिहिणं ही रोममध्ये फार विचित्र गोष्ट नव्हती. ओव्हिडच्या आधी होरेसने पद्यपत्रांचं अख्खं पुस्तक काढलं होतं (इ.स.पू. २० च्या सुमारास). त्यात मित्रांशी गप्पा आहेत, शहर बरं की खेडं यावर वाद आहे, आणि सेप्टिमियस नावाच्या मित्रासाठी टायबेरियसला लिहिलेलं चक्क एक शिफारसपत्रही आहे. हा टायबेरियस पुढे सम्राट झाला. मित्राच्या आग्रहाखातर शब्द टाकतोय, नाइलाज आहे, असा एकूण सूर. नोकरीसाठी 'रेफरन्स' मागणारे फोन ज्यांना येतात त्यांना हे पत्र लगेच कळेल.

ओव्हिडने तरुणपणी वेगळाच प्रयोग केला. जुन्या कथांमधल्या स्त्रियांनी दूर गेलेल्या पुरुषांना लिहिलेली पत्रं त्याने रचली. युलिसिसची बायको पेनेलोपी वीस वर्षं वाट पाहते आहे. बंदरात जो कुणी परका खलाशी येईल त्याच्या हातात ती एक पत्र देते, कुठे भेटला तर द्या म्हणून. ब्रिसेइस ही अकिलीसकडे असलेली युद्धकैदी. तिच्या पत्रावर अश्रूंचे डाग आहेत आणि ग्रीक तिची मातृभाषा नसल्यामुळे तिचं ग्रीक मोडकंतोडकं आहे. हे सगळं ओव्हिडने रोममध्ये आरामात बसून लिहिलं. तेव्हा त्याला काय कल्पना, की पुढे आपल्यावरच ही पाळी येणार आहे!

इ.स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला रोममधून हद्दपार केलं. कारणं दोन, ती ओव्हिडनेच सांगितली आहेत: एक काव्य आणि एक चूक. काव्य म्हणजे प्रेमाची कला शिकवणारं त्याचं पुस्तक, जे तोपर्यंत जुनं झालं होतं. चूक कोणती, ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही आणि विद्वान आजही त्यावर भांडतात. मालमत्ता आणि नागरिकत्व शाबूत राहिलं, पण राहायचं मात्र टोमिसमध्ये, म्हणजे आजच्या रोमानियातल्या कॉन्स्टँट्सा शहरात. बायको रोममध्येच राहिली.

तिथून त्याने जी काव्यपत्रं पाठवली त्यांची नऊ पुस्तकं झाली. पहिल्या पाचांत बायको, सम्राट असे मोजके अपवाद सोडले तर बहुतेक मित्रांची नावं लपवली आहेत. हद्दपार माणसाशी संबंध ठेवल्याचा त्यांना त्रास नको. शेवटच्या चारांत नावं उघड आहेत. सरकारी टपाल फक्त सरकारी कामासाठी असायचं, खाजगी पत्रं कुणी जाणारं-येणारं मिळालं की त्याच्याबरोबर जायची. गॅलिओ नावाच्या मित्राची बायको वारली, तेव्हा ओव्हिडने सांत्वनाचं पत्र लिहिलं. पण बातमी यायला आणि उत्तर पोचायला मिळून वर्ष जातं, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून शेवटी तो म्हणतो की एव्हाना कदाचित तुझं दुसरं लग्नही झालं असेल! आमच्या धंद्यात काही सेकंद उत्तर आलं नाही तर 'टाइमआउट' म्हणून आम्ही मोकळे होतो.

बरेच टीकाकार या पत्रांना रडगाणं म्हणतात. थंडी, गोठलेली डॅन्यूब, तिच्यावरून चालणाऱ्या गाड्या, बरणी काढली तरी तसाच उभा राहणारा गोठलेला द्राक्षारस, हे पुन्हा पुन्हा येतं हे खरं. तो अतिशयोक्तीही करतो. टोमिस ही जुनी ग्रीक वसाहत होती, निव्वळ रानटी गाव नव्हे.

पण मला सगळ्यात खरी वाटते ती त्याची भाषेची भीती. लॅटिन बोलायला कुणी नाही, म्हणून विसरू नये यासाठी तो स्वतःशीच बोलत बसतो. आपल्या ओळींत परके शब्द शिरले असतील, ते जागेचं पाप समजा, अशी वाचकांची माफी मागतो. ('मी जाम टायर्ड झालोय' हे वाक्य आईला फोनवर ऐकवल्यावर पलीकडे पडणारी शांतता आठवा.) आपण स्वतः रांगेत उभं राहून व्हिसा काढून आलो, तेव्हा त्याच्या दुःखाशी बरोबरी नको. तरी त्या ओळी वाचताना मी थोडा वेळ थांबलो.

पुढे तर गंमतच झाली. भाषा विसरायची भीती बाळगणाऱ्या याच माणसाने स्थानिक गेटी लोकांच्या भाषेत कविता केली, असं तोच काहीसा ओशाळून सांगतो. ती कविता आज उपलब्ध नाही. टोमिसकरांनी त्याला मान दिला, करमाफीही दिली. मग त्याची पत्रं त्यांच्या कानावर गेली आणि ते रागावले: आम्ही इतकं केलं आणि हा आमच्या गावाला नावं ठेवतो? तेव्हा त्याला खुलासा करावा लागला की माझी तक्रार तुमच्या हवेबद्दल आणि जमिनीबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. तुम्ही मला घरच्यासारखं वागवलंत. परदेशात राहून तिथल्या थंडीला शिव्या घालणाऱ्या कुणालाही हा खुलासा कधी ना कधी करावा लागतोच.

इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला. नव्या सम्राटानेही, म्हणजे होरेसच्या त्या शिफारसपत्रातल्या टायबेरियसने, परवानगी दिली नाही. इ.स. १७ च्या सुमारास ओव्हिड टोमिसमध्येच गेला. रोमच्या नगरपरिषदेने त्याची हद्दपारी रद्द करण्याचा ठराव केला, तो डिसेंबर २०१७ मध्ये.

कॉन्स्टँट्सामध्ये १८८७ साली त्याचा पुतळा उभारला गेला, हनुवटीला हात लावून विचारात पडलेला. तसाच दुसरा पुतळा १९२५ मध्ये त्याच्या जन्मगावी बसवला.