कुरणातील अदृश्य विष आणि एका गोपालक स्त्रीची साक्ष

१/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूझीलंडची समृद्धी गवतावर उभी होती. तेथील लोणी, लोकर आणि मांस जहाजे भरभरून ब्रिटनला जात असे. मात्र उत्तर बेटावरील वायकाटोसारख्या सुपीक प्रदेशात हेच हिरवे कुरण काही वर्षी जनावरांचा घात करी. का, हे कोणालाच उमगत नव्हते.

२/ १९३८ च्या शरदात, म्हणजे तेथील मार्च ते मे या काळात, या रोगाची भीषण साथ आली. गायी-मेंढ्यांच्या तोंडावरील कातडी भाजल्यासारखी सोलून निघे, म्हणून त्याला ‘फेशियल एक्झिमा’ म्हणत. नाव फसवे होते. रोग मुळात त्वचेचा नव्हे, यकृताचा होता.

३/ गवतातील हरितद्रव्याचे जनावराच्या पोटात विघटन होऊन फायलोएरिथ्रिन नावाचे द्रव्य तयार होते. एरवी ते पित्तावाटे बाहेर पडते. पित्तनलिका सुजून बंद झाल्या की ते रक्तात साचते, त्वचेपर्यंत पोहोचते आणि मग साधे ऊनही जनावराला भाजून काढते.

४/ दुभत्या गाईच्या अंगावरील पांढरे भाग, कास आणि सड यांना याची झळ सर्वाधिक बसते. पण कातडीवर खूण उमटण्याआधीच दूध आटू लागते. कित्येक गायींत तर बाहेरून काहीच दिसत नाही. यकृत मात्र आतून निकामी होत असते.

५/ उन्हाळा कोरडा जाऊन मग उबदार पाऊस पडला की रोग येतो, हे शेतकऱ्यांनी हेरले होते. त्याच वेळी कुरणात नवे हिरवे गवत तरारून येई, म्हणून संशय साहजिकच त्या कोवळ्या गवतावर गेला. १९३९ मध्ये हॅमिल्टनजवळ रुआकुरा येथे पशुसंशोधन केंद्र उभे राहिले, तरी उत्तर हाती यायला जवळपास दोन दशके लागली.

६/ दोषी हिरवे गवत नव्हतेच. त्याच्या बुडाशी साचलेल्या वाळक्या पाल्यावर एक बुरशी वाढत होती. १९५८ मध्ये पर्सिव्हल आणि थॉर्नटन यांनी तिचे बीजाणू आणि कुरणाचा विषारीपणा यांचा संबंध दाखवला. १९५९ मध्ये व्हाइट आणि नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ सिंज यांनी तिच्या विषाला ‘स्पोरिडेस्मिन’ हे नाव दिले.

७/ आता गवतातील बीजाणू मोजून धोक्याची सूचना देता येऊ लागली. पण गाईने चरायचे कुठे? शत्रूचे नाव कळले, ढाल मात्र सापडली नव्हती.

८/ ती ढाल पुढे आणली ते आरोहा येथील ग्लॅडिस रीड या गोपालक स्त्रीने. जस्त दिलेल्या गायी या रोगापासून वाचतात, असे त्या १९७० च्या दशकात ठामपणे सांगू लागल्या. शास्त्रज्ञांनी प्रथम ते मानले नाही. रीड मात्र मागे हटल्या नाहीत.

९/ पुढे रुआकुरातील प्रयोगांनीच त्यांचे म्हणणे खरे ठरवले. स्पोरिडेस्मिन शरीरात ज्या अभिक्रियांनी पेशींची नासधूस करते, त्यांना जस्त अटकाव करते. १९८३ मध्ये रीड यांना ब्रिटिश राजसत्तेचा ओबीई हा सन्मान मिळाला.

१०/ आजही या रोगावर इलाज नाही, प्रतिबंध आहे. पिण्याच्या पाण्यातून, खाद्यातून किंवा पोटात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांतून जस्त दिले जाते. तेही मोजूनमापून, कारण जास्त झाले तर जस्तच बाधते.

११/ विज्ञानाचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेच्या दप्तरातून लिहिला जातो. या प्रकरणात विष प्रयोगशाळेने ओळखले आणि उताऱ्याची वाट गोठ्याने दाखवली. रीड यांचे निरीक्षण प्रयोगाने सिद्ध झाले नसते, तर ते एका गोठ्यापुरतेच राहिले असते; आणि त्यांनी हट्ट सोडला असता, तर तो प्रयोग कदाचित झालाच नसता. इतिहास वाचताना म्हणूनच विचारावे : कोणाची साक्ष उशिरा नोंदवली गेली, आणि त्या विलंबाची किंमत कोणी मोजली?