मौन हाही करारच: गोव्यातील विवाहपूर्व करारनाम्याचा इतिहास

१/ विवाहापूर्वी मालमत्तेचा लेखी करार, ज्याला आज सर्रास 'प्रीनप' म्हटले जाते, ही पाश्चात्त्य धनिकांची नवी टूम आहे असा महाराष्ट्रात समज आढळतो. प्रत्यक्षात तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात, असा करार गेली दीडशे वर्षे कायद्याने मान्य आहे. आजचा धागा त्याच्या इतिहासाविषयी.

२/ या कथेचे मूळ पोर्तुगालच्या जुन्या रूढीत आहे. तिला 'कार्ता द आमेताद', म्हणजे 'अर्ध्याचे पत्र', म्हणत. विवाह होताच पतिपत्नींची संपत्ती एकत्र होई आणि त्या एकत्रित संपत्तीत दोघांचा वाटा निम्मा-निम्मा ठरे. सोळाव्या शतकात मान्युएल राजाच्या कायदेसंग्रहाने या रूढीला सर्वसाधारण नियमाचे स्थान दिले.

३/ १८६७ साली पोर्तुगालने नवी नागरी संहिता स्वीकारली. तिचा मसुदा आंतोनियु लुईश द सेआब्रा या कायदेपंडिताचा. १८६९ च्या फर्मानाने ती सागरापारच्या प्रांतांना लागू करण्यात आली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली.

४/ या संहितेने वधूवरांसमोर प्रामुख्याने चार मार्ग ठेवले. पहिला, सर्व संपत्ती समाईक. दुसरा, सर्व संपत्ती विभक्त. तिसरा, विवाहापूर्वीची संपत्ती ज्याची त्याची आणि नंतर मिळवलेली समाईक. चौथा, वधूने आणलेल्या धनाची वेगळी व्यवस्था: पतीने ते सांभाळावे आणि विवाह संपुष्टात आल्यास परत करावे.

५/ कलम १०९६ नुसार वधूवरांना कायद्याच्या मर्यादेत आपल्या संपत्तीविषयी हवे ते ठरवता येई. मात्र दोन अटी होत्या. करार नोटरीसमोर रीतसर दस्त करूनच व्हावा आणि तो विवाहाआधी व्हावा. विवाहानंतर नवा करार करून त्यात बदल करण्याची मुभा नव्हती. एकदा लग्न लागले की ते दार कायमचे बंद.

६/ आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही? त्यांचा विवाह आपोआप पहिल्या मार्गाने, समाईक संपत्तीच्या नियमाने झाला असे मानले जाई. या व्यवस्थेचे मर्म येथे आहे. करार नसलेला विवाह तेथे अस्तित्वातच नव्हता. तुम्ही लिहिला नाहीत, तर तुमच्या वतीने कायदा लिहीत असे.

७/ हा नियम केवळ ख्रिस्ती कुटुंबांपुरता नव्हता. १८८० मध्ये गोव्यातील हिंदूंच्या काही रूढींना वेगळ्या फर्मानाने संरक्षण मिळाले, पण त्याच फर्मानाने धार्मिक विधीने लागलेल्या हिंदू विवाहालाही राज्याच्या कायद्याचे नागरी परिणाम जोडले. त्यामुळे सप्तपदी आणि निम्मा वाटा या दोन गोष्टी एका घरात नांदू लागल्या.

८/ याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात काय चालले होते? १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक हिंदू विवाह आला. पत्नीला तिच्या माहेरातून कधीही हलवणार नाही, असे वराने लग्नाआधी कबूल केले होते. न्यायालयाने हा करार हिंदू धर्मशास्त्राच्या व सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरवून रद्दबातल केला. पतिपत्नीची कर्तव्ये शास्त्राने ठरवलेली, ती करारमदाराने बदलता येत नाहीत, असा त्यामागचा विचार.

९/ म्हणून गोव्याचा गौरव करून थांबावे काय? तसे करणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. संपत्ती निम्मी-निम्मी असली तरी तिचा कारभार संहितेने पतीकडेच सोपवला होता. पत्नीकडे तो यायचा पतीच्या गैरहजेरीत वा असमर्थतेत. मालकी दोघांची, किल्ल्या एकाच्या कनवटीला.

१०/ तरीही एक अडसर भक्कम होता. घर, शेत, बागायत अशी स्थावर मिळकत पत्नीच्या संमतीशिवाय विकता येत नसे. गोव्यातील खरेदीखतांवर विकणाऱ्याच्या जोडीने त्याच्या पत्नीचे किंवा पतीचे नाव व सही दिसते, त्याचे कारण हेच.

११/ आता विवाहपूर्व कराराकडे पुन्हा पाहू. जेथे पत्नीला मुळात काहीच मिळत नाही, तेथे करार तिला काही मिळवून देऊ शकतो. पण जेथे मौनानेच निम्मे मिळते, तेथे विभक्त संपत्तीचा करार तिचे निम्मे काढूनही घेऊ शकतो. वधू स्वतः संपन्न असेल वा वर कर्जबाजारी असेल, तर तोच करार तिची ढाल होतो. कागद एकच; तो कोणाच्या हिताचा, हे लेखणी कोणाच्या हाती होती यावर ठरते.

१२/ १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६२ च्या कायद्याने तेथील प्रचलित कायदे पुढे चालू राहिले. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालने १९६७ मध्ये नवी संहिता अमलात आणली आणि करार नसल्यास केवळ विवाहानंतर मिळवलेली संपत्ती समाईक, असा नियम स्वीकारला. 'अर्ध्याचे पत्र' आपल्या जन्मभूमीत मागे पडले, मांडवीच्या काठी मात्र टिकले.

१३/ आजही गोव्यात नोंदणी दोन टप्प्यांत होते: आधी विवाहाच्या इराद्याचे निवेदन, मग काही दिवसांनी नोंदवहीत सह्या. ज्यांना वेगळी व्यवस्था हवी, त्यांनी करार विवाहाआधीच करायचा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोमंतकीयांच्या वारसाहक्काला, मिळकत गोव्याबाहेर असली तरी, गोव्याचाच कायदा लागू होईल असा निर्णय दिला. त्या निकालात विवाहपूर्व कराराच्या या सोयीचाही उल्लेख आहे.

१४/ करारामुळे विवाहात व्यवहार शिरतो, असा आक्षेप घेतला जातो. गोव्याचा इतिहास सांगतो की व्यवहार आधीपासून तेथेच बसलेला असतो. त्याला फक्त कागदावर यावे लागते. याद्या, मानपान, देणेघेणे हे सारे आपणही लग्नाआधीच ठरवतो. त्या बैठकीत वधू कोठे बसलेली असते आणि सही कोणाची होते, एवढाच प्रश्न उरतो. तो गोव्यापुरता नाही.

धागा समाप्त.