मुख्याध्यापक कोणाचा?

उर्दू शाळेत नवे मुख्याध्यापक आले की “कोणाचा माणूस?” हा प्रश्न नागपुरात मी बरेचदा ऐकतो. त्यामागे इतिहास आहे. महाराष्ट्राचा खासगी शाळा कर्मचारी कायदा १९७७ चा. त्याच्या १९८१ च्या नियमांनुसार हे पद सेवाज्येष्ठ, पात्र शिक्षकाला मिळते. अल्पसंख्याक शाळेला मात्र कायद्याच्या कलम ३ ने आपला प्रमुख स्वतः निवडण्याची मोकळीक दिली. घटनेच्या कलम ३० चा हा आधार सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये केरळच्या एका मुस्लिम शाळेच्या खटल्यातही मान्य केला. एवढा मोठा हक्क अध्यक्षांच्या पुतण्यावर खर्च करायचा? जाहिरात द्यावी, अकोला-अमरावतीहूनही अर्ज मागवावेत, मुलाखतीला एखाद्या पालकाला बसवावे. कायदा यातल्या कशालाच अडवत नाही.