एका ग्रॅमचा हिशेब

१८७० च्या दशकात सुरू झालेली वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १९०६ साली बंद झाली. गडचिरोली तेव्हा आपल्या चांदा जिल्ह्यातच होती. खाणीचा कोळसा वजनावर मोजला जाई. परंतु बॉयलरला वजनाशी काय कर्तव्य? त्याला हवी उष्णता.

ती मोजण्याची युक्ती जुनी आहे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए व लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात लोणारी कोळसा जाळला आणि किती बर्फ वितळला ते तोलले. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच देशातील बर्थेलो याने पोलादी ‘बाँब’ केला. नाव भयंकर, काम मात्र सालस! त्यात दाबाखालील प्राणवायूत एक ग्रॅम कोळसा जाळतात. सभोवती पाणी असते. समजा, पाणी २००० ग्रॅम आहे आणि उपकरण स्वतः ५०० ग्रॅम पाण्याइतकी उष्णता शोषते. तापमान १.८ अंश सेल्सिअसने चढले, तर २५०० × १.८ = ४५०० कॅलरी; म्हणजेच किलोमागे ४५०० किलोकॅलरी.

हा आकडा पैशाचा आहे. पूर्वी आपल्याकडे दगडी कोळशाची प्रत राख व ओलावा यांच्या टक्केवारीवरून सूत्राने काढीत. १ जानेवारी २०१२ पासून ती प्रत्यक्ष उष्मांकावर ठरू लागली. वरील नमुना ४३०० ते ४६०० च्या ‘जी-१०’ प्रतीत बसतो. पारा अवघा ०.१ अंश कमी चढला असता, तर उत्तर ४२५० आणि प्रत ‘जी-११’, भावही कमी. वाघिणीभर कोळशाचे मोल असे एका ग्रॅमवर ठरत असल्याने, तो ग्रॅम वाघिणीच्या कोणत्या भागातून उचलला यावरच खाणवाले व वीजकेंद्रवाले यांचे वाद होतात.