प्रकाशनपूर्व कार्यप्रणालीची चाचणी : बंगळुरूचा अनुभव आणि मराठीचे प्रश्न

संगणकाची नवी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, अंतिम स्वरूपात बाहेर पडण्यापूर्वी काही आठवडे किंवा काही महिने चाचणीसाठी खुली केली जाते. या काळात ती वापरून पाहणारे लोक तिच्यातील दोष शोधून निर्मात्यांना कळवतात. भारतात ही पद्धत रुजवण्यात बंगळुरू शहराचा वाटा मोलाचा आहे. मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने या चाचणीला आणखी एक महत्त्व आहे. चाचणीच्या काळात मराठी वाचणारा माणूस तेथे नसेल, तर मराठी अक्षरांतील दोष अंतिम आवृत्तीतही तसेच राहण्याचा धोका असतो.

चाचणीचे टप्पे

कार्यप्रणाली साधारणपणे तीन टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यातील आवृत्तीला अल्फा म्हणतात. तिच्यातील अनेक सोयी अपूर्ण असतात आणि ती मुख्यत्वे निर्मात्यांच्याच वर्तुळात वापरली जाते. दुसरी बीटा. तिच्यात बहुतेक सोयी तयार असतात, मात्र दोष शिल्लक असतात. बाहेरच्या लोकांना बहुधा याच टप्प्यावर बोलावले जाते. तिसऱ्या टप्प्यातील आवृत्तीस रिलीज कँडिडेट म्हणतात. मोठा दोष न आढळल्यास हीच आवृत्ती अंतिम ठरू शकते.

लिनक्स कार्यप्रणालीचा जन्मच अशा खुल्या चाचणीतून झाला. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी एका न्यूजग्रुपवर आपल्या कामाची माहिती दिली आणि लोकांच्या सूचना मागवल्या. १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली. मधल्या अडीच वर्षांत जगभरातील लोक अपूर्ण प्रणाली वापरत होते, दोष कळवत होते आणि अनेकदा ते दुरुस्तही करत होते. आजही लिनक्सच्या गाभ्याची प्रत्येक नवी आवृत्ती अंतिम होण्यापूर्वी साधारण दर आठवड्यास एक याप्रमाणे सात किंवा आठ चाचणी आवृत्त्या प्रसिद्ध केल्या जातात.

मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००९ मध्ये विंडोज ७ ची बीटा आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. सुरुवातीस २५ लाख प्रतींची मर्यादा ठेवण्यात आली होती. मात्र मागणी इतकी वाढली की कंपनीच्या सर्व्हरवर ताण आला आणि ही मर्यादा काढून टाकावी लागली. २०१४ मध्ये याच कंपनीने विंडोज इन्सायडर हा कायमस्वरूपी चाचणी कार्यक्रम सुरू केला.

बंगळुरूतील वाटचाल

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. नवी कार्यप्रणाली उतरवून घेणे त्यानंतरही अनेक वर्षे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. ६५० मेगाबाइटची एक सीडी ५६ केबीपीएस वेगाच्या डायल-अप जोडणीवरून उतरवण्यास, वेग पूर्ण मिळाला आणि जोडणी मध्येच तुटली नाही तरी, सुमारे २७ तास लागत. टेलिफोनचे बिल वेगळेच.

ही अडचण नियतकालिकांनी दूर केली. 'पीसीक्वेस्ट' या संगणकविषयक मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी देण्यास सुरुवात केली. या उपक्रमामागे बंगळुरूचे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. १९६२ मध्ये बर्लिन येथे जन्मलेले चिटणीस बेळगावात वाढले आणि पुढे बंगळुरूत स्थायिक झाले. त्यापूर्वी १९८९ मध्ये त्यांनी बंगळुरूत संगणक-फलक सेवा सुरू केली होती. टेलिफोनवरून जोडले जाणारे सदस्य तेथे एकमेकांना संदेश पाठवू शकत. ३ जून २०१३ रोजी बंगळुरूत त्यांचे निधन झाले.

२००१ मध्ये बंगळुरूत 'लिनक्स बंगलोर' ही परिषद सुरू झाली. २००५ मध्ये तिचे नाव 'फॉस डॉट इन' असे झाले आणि २०१२ पर्यंत ती भरत राहिली. सुरुवातीच्या वर्षांत लिनक्स म्हणजे काय, ते कसे बसवावे, याच विषयांवर भर होता. पुढे आयोजकांनी दिशा बदलली. भारतीयांनी मुक्त सॉफ्टवेअर केवळ वापरू नये, तर त्याच्या निर्मितीत सहभागी व्हावे, असा आग्रह धरण्यात आला. निर्मितीत सहभागी होण्याची पहिली पायरी म्हणजे दोषाचा नीट लिहिलेला अहवाल. त्यासाठी संगणकाची भाषा येणे आवश्यक नसते.

'फॉस डॉट इन' थांबल्यानंतर काही वर्षांनी 'इंडियाफॉस' या परिषदा बंगळुरूत भरू लागल्या. त्यामुळे ही परंपरा शहरात टिकून राहिली आहे.

अक्षरांची कसोटी

भारतीय भाषांच्या बाबतीत चाचणीचे काम अधिक अवघड ठरते. इंग्रजी अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात त्याच क्रमाने पडद्यावर दिसतात. देवनागरीचे तसे नाही. 'विद्यार्थी' हा शब्द संगणकात दहा स्वतंत्र चिन्हांच्या रूपाने साठवला जातो. त्यातील पहिली वेलांटी 'व' नंतर साठवली जाते, पण ती 'व' च्या आधी दिसावी लागते. 'थ' पूर्वीचा 'र' रफार होऊन 'थी' च्या डोक्यावर जावा लागतो. 'द' आणि 'य' यांचे जोडाक्षर व्हावे लागते. ही सर्व मांडणी कार्यप्रणालीतील एक स्वतंत्र घटक करतो. त्यात चूक झाल्यास वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते किंवा रफाराच्या जागी पाय मोडलेला 'र' दिसतो.

विंडोज एक्सपीच्या काळातील वाचकांना हा अनुभव परिचित असेल. त्या प्रणालीत भारतीय लिप्यांसाठीच्या फाइली वेगळ्याने बसवाव्या लागत आणि त्या नसल्यास मराठी मजकूर विस्कटलेला दिसे. लिनक्सवर भारतीय भाषा आणण्यासाठी इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पाने काम केले. प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन हे त्याचे संस्थापक होते.

मराठीचे काही प्रश्न तर हिंदीपेक्षाही वेगळे आहेत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे याचे नेहमीचे उदाहरण होय. पहिला शब्द गुरूंसाठी, तर दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. दुसऱ्या शब्दातील अर्ध्या 'र' ची आडवी खूण हिंदीत वापरली जात नाही. त्यामुळे हिंदी वाचणाऱ्या परीक्षकास ती खूण बिघडल्याचे लक्षात येण्याची शक्यता कमी असते. बंगळुरूतील कन्नड परीक्षकाची स्थितीही निराळी नाही. कन्नड लिपीत व्यंजनापूर्वीच्या अर्ध्या 'र' ची खूण बहुधा त्या अक्षराच्या पुढे, उजव्या बाजूस लिहिली जाते. तो आपल्या भाषेतील दोष अचूक पकडेल, मराठीतील दोष त्याच्या नजरेतून निसटेल.

याच 'र' ची दुसरी अडचण दिसत नाही, पण ती अधिक गंभीर आहे. ही खूण युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते. एका प्रकारात खाली टिंब असलेला 'र' वापरला जातो, तर दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मात्र कार्यप्रणालीने दोहोंना समान मानण्याची सोय केली नसेल, तर एका पद्धतीने लिहिलेले 'कऱ्हाड' दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. गावाचे किंवा व्यक्तीचे नाव यादीत असूनही 'नाव नाही' असे उत्तर मिळू शकते.

'ॲ' या अक्षराचीही कथा अशीच आहे. 'ॲसिड', 'ॲप' अशा शब्दांसाठी मराठीत ते नित्य लागते. तथापि युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत 'अ' वर चंद्र जोडून काम भागवले जाई. त्या काळातील मजकूर आणि नंतरचा मजकूर यांत शोध घेताना आजही फरक पडू शकतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. परंतु शासन निर्णय झाला म्हणून परदेशात तयार होणाऱ्या कार्यप्रणालीत ती वळणे आपोआप उतरत नाहीत. ती उमटली की नाही, हे कोणीतरी पाहावे लागते.

वेळेचे महत्त्व

आवृत्ती घडत असतानाच केलेला बदल तुलनेने सोपा असतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले, तेव्हा उबंटू या लिनक्स प्रणालीची १०.१० ही आवृत्ती तयार होत होती. १० ऑक्टोबर २०१० रोजी ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात हे चिन्ह समाविष्ट होते. विंडोज ७ आधीच बाजारात आली असल्याने तिच्यासाठी २०११ मध्ये स्वतंत्र सुधारणा द्यावी लागली.

अर्थात, अहवाल पाठवला म्हणजे काम झाले असेही नाही. विंडोज १० ची ऑक्टोबर २०१८ मधील सुधारणा याचा दाखला आहे. ती बसवल्यानंतर काही वापरकर्त्यांच्या कागदपत्रांच्या फाइली नष्ट झाल्या. कंपनीने काही दिवसांतच तिचे वितरण थांबवले. चाचणीत सहभागी असलेल्या काही जणांनी हा दोष आधीच कळवला होता, असे नंतर उघड झाले. मात्र त्या तक्रारींना इतरांचा पुरेसा दुजोरा न मिळाल्याने त्या ढिगाऱ्यात दडून राहिल्या. त्यानंतर दोष किती गंभीर आहे हे नोंदवण्याची सोय कंपनीने केली. मराठीसाठी यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. एकट्या माणसाच्या तक्रारीपेक्षा अनेकांनी पुष्टी दिलेल्या तक्रारीकडे लक्ष जाण्याची शक्यता अधिक असते.

चाचणी करताना घ्यावयाची काळजी

प्रकाशनपूर्व आवृत्ती रोजच्या कामाच्या संगणकावर बसवू नये, हा पहिला नियम. विंडोज ७ च्या बीटा आवृत्तीत एका दोषामुळे एमपीथ्री गाण्यांतील काही सेकंदांचा भाग कापला जात होता. कंपनीने त्यावर दुरुस्ती दिली. परंतु ज्यांच्याजवळ मूळ फाइलींची दुसरी प्रत नव्हती, त्यांचा गेलेला भाग परत येणे शक्य नव्हते. त्यामुळे सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून अलग करावी.

जुना संगणक उपलब्ध असल्यास तो वापरावा. नसल्यास संगणकातच आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता चालवता येतात.

चाचणी आवृत्तीस मुदत असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. विंडोज ७ ची रिलीज कँडिडेट आवृत्ती १ मार्च २०१० पासून दर दोन तासांनी संगणक बंद करू लागली आणि १ जून २०१० रोजी तिची मुदत संपली.

अहवाल कसा असावा

'मराठी नीट दिसत नाही' एवढ्या तक्रारीवर कोणताही निर्माता काही करू शकत नाही. चांगल्या अहवालात चार गोष्टी असतात. आवृत्तीचा नेमका क्रमांक, दोष पुन्हा घडवून आणण्याची क्रमवार कृती, काय दिसणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय दिसले. अक्षराच्या दोषासाठी पडद्याचे छायाचित्र जोडावे आणि तो शब्द मजकूर म्हणूनही द्यावा. फॉन्टचे व कळफलकाचे नाव नोंदवावे. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यास मराठी येत असेलच असे नाही. म्हणून योग्य आणि अयोग्य रूप शेजारी शेजारी दाखवणे हिताचे असते. तोच दोष आधी कोणी कळवला असल्यास नवी तक्रार न करता त्याच तक्रारीस दुजोरा द्यावा.

तपासण्यासाठी मोजके शब्दही पुरतात. 'विद्यार्थी', 'आचाऱ्यांना', 'कऱ्हाड', 'ॲप', 'शाळा', 'ज्ञानेश्वर' हे शब्द लिहून पाहावेत, पुसून पाहावेत, शोधून पाहावेत आणि फाइलीला नाव म्हणून देऊन पाहावेत. अकारविल्हे यादीत त्यांचा क्रम योग्य लागतो का, हेही पाहावे. या कामास अर्धा तासही लागत नाही.

कार्यप्रणाली घडवणारे अभियंते बंगळुरूत असोत वा अन्यत्र, त्यांच्यापैकी प्रत्येकास 'आचार्य' आणि 'आचारी' यांतील फरक ठाऊक असेल अशी अपेक्षा करता येत नाही. तो फरक मराठी वाचकास ठाऊक असतो आणि तो वेळेत कळवणे एवढेच त्याच्या हाती असते. चाचणीचा काळ संपल्यावर तोच दोष लाखो संगणकांवर पोहोचतो, आणि त्याची झळ यादीत आपले नाव न सापडणाऱ्या माणसाला बसते.