वारा, वीज आणि पाऊस

सोलापूरकडे पवनऊर्जेविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो : ‘पवनचक्क्या ढग पळवून लावतात, हे खरे का?’ 2003 च्या सुमारास सातारा-सांगलीच्या दुष्काळी गावांत हा समज चांगलाच पसरला होता. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मात्र उत्तराआधी वाऱ्यापासून वीज कशी मिळू लागली, ते पाहू.

स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी 1887 साली पवनचक्कीवर विद्युतघट भारित करून आपल्या घरात दिवे लावले. पण या विषयाला शास्त्राची बैठक दिली ती डेन्मार्कमधील एका शिक्षकाने. पॉल ला कूर हे आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात विज्ञान शिकवत. 1891 साली त्यांनी शाळेजवळ प्रायोगिक पवनचक्की उभारली. पुष्कळ रुंद पात्यांपेक्षा थोडी, वेगाने फिरणारी पाती जास्त ऊर्जा देतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. त्यांचे विद्यार्थी योहानेस यूल यांनी 1957 साली गेडसर येथे तीन पात्यांची 200 किलोवॉटची चक्की उभी केली. 1973 च्या तेलसंकटानंतर जगाचे लक्ष पुन्हा वाऱ्याकडे वळले, तेव्हा हीच रचना अनेकांना मार्गदर्शक ठरली.

भारतात प्रश्न होता जागेचा. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते. सेकंदाला 5 मीटरऐवजी 6 मीटर वेग मिळाला, तरी ती सुमारे 73 टक्क्यांनी वाढते. म्हणून ‘इथे वारा खूप असतो’ एवढ्या सांगण्यावर भागत नाही, मोजावे लागते. 1948 साली पुण्यात हवामान खात्यात रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी निवृत्तीनंतर हे काम हाती घेतले. डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी केलेले भारतातील वाऱ्याच्या आकडेवारीचे संकलन 1983 साली प्रसिद्ध झाले.

1986 च्या सुमारास देशात पहिली प्रात्यक्षिक पवनक्षेत्रे समुद्रकिनारी उभी राहिली. महाराष्ट्रात त्यासाठी देवगडचा किनारा निवडला गेला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस साताऱ्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी या पठारांवर चक्क्यांच्या रांगा दिसू लागल्या. नैर्ऋत्य मोसमी वारा डोंगरमाथा ओलांडताना वेग घेतो. सोलापूरच्या सपाट माळावर तसे घडत नाही, आणि घनाच्या नियमामुळे वेगातला थोडा फरकही मोठा ठरतो.

आता मूळ प्रश्न. त्या चक्क्यांच्या पात्यांची टोके जमिनीपासून 100 मीटरांच्या आतच होती. पाऊस आणणारा बाष्पयुक्त हवेचा थर मात्र काही किलोमीटर जाडीचा असतो. चक्की त्याच्या अगदी तळाशी वाऱ्याची थोडी ऊर्जा काढून घेते. ढग अडवणे किंवा पळवणे तिच्या आवाक्यात नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी पडतो, कारण तो पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. सोलापूरने 1876-77 चा दुष्काळ सोसला, 1972 चाही सोसला. तेव्हा या चक्क्या कुठे होत्या? 2002 साली तर देशभरच मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे 19 टक्के कमी पडला. चक्क्या नसलेल्या प्रांतांनाही त्याची झळ बसली.

दोन गोष्टी एका वेळी घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पण ज्यांच्या पठारावर चक्क्या आल्या, त्यांच्या पदरात वीज आणि पैसा किती पडला, हा प्रश्न वेगळा आहे आणि रास्त आहे. ढगांच्या वादात तो हरवू नये.

वर्गात एक उपक्रम करता येईल. आपल्या तालुक्याच्या पावसाचे गेल्या 50 वर्षांचे आकडे मिळवा, विद्यार्थ्यांकडून आलेख काढून घ्या आणि परिसरात चक्क्या आल्या असतील तर ते वर्ष त्यावर खुणेने दाखवा. मग उत्तर आपण सांगू नये. आलेख पाहून विद्यार्थ्यांनाच बोलू द्यावे.