केडगावला उतरायचंय

निघण्याआधी पाणी पिऊन घ्या. पोटभर प्या, जिथे चाललोय तिथे ते मोजून मिळतं. मोबाइल, घड्याळ, पाकीट घरीच राहू द्या. डोक्याला गुंडाळायला एक पंचा मात्र घ्या. आता डोळे मिटा. खडखडाट ऐकू येतोय ना? पुण्याहून दौंडकडे निघालेली आगगाडी आहे ही. तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, दोन गाठोड्यांच्या मध्ये अंग चोरून बसला आहात. खिडकीतून कोळशाची कणी उडून डोळ्यात गेली? चोळू नका, आणखी टोचेल.

केडगाव आलं. उतरा.

वहाणेचा तळ चरचरतो, जणू तापल्या तव्यावर पाय पडला. साल १९००, ऐन उन्हाळा. नाकात आधी इंजिनाचा धूर जातो, मग धूळ, आणि वाऱ्याची झुळूक फिरली की लांब शेतात मरून पडलेल्या गुराचा वास. पंचा नाकावर धरा. आणि मागे वळून बघा, तुमच्याच गाडीतून मुली उतरताहेत.

दहा-बारा वर्षांच्या असतील, पण बांधा सहा वर्षांच्या पोरीचा. कोपर जाड, दंड बारीक. गुडघे मोठे, पोटऱ्या नाहीतच. गुजराती बोलताहेत, म्हणजे ज्या दोघीतिघींच्या अंगात बोलण्याची ताकद आहे त्या. ‘छप्पनियो’ हा एकच शब्द तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. विक्रम संवत १९५६ चा हा दुष्काळ. आपल्याकडे त्यालाच छप्पनचा दुष्काळ म्हणतात. त्यांतलीच एक पोर गर्दीत तुमचा हात धरते. हाताला वजनच नाही, वाळक्या शेंगेसारखा लागतो तो. पण पकड बघा केवढी आहे.

ती घाबरली आहे. या मुलींच्या कानांवर काय काय घातलं गेलंय! ख्रिस्ती लोक तुम्हाला खाऊपिऊ घालून लठ्ठ करतील, मग उलटं टांगून डोक्यातून तेल काढतील. उपाशी पोटाला अशी गोष्ट खरी वाटते. तुम्ही तिला समजवायच्या भानगडीत पडू नका, तुमचं मराठी तिला कळणार नाही. हात सोडू नका, एवढंच करा. बैलगाडीत चढवा तिला आणि मागून चाला.

मुक्ती मिशनच्या आवारात पाऊल टाकलंत की आधी गलका अंगावर येतो. हिंदी, मराठी, गुजराती, रडणं, खोकला, कुणाला तरी मारलेल्या हाका. त्यात पाथरवटांच्या छिन्न्यांचा टकटकाट, कारण इथे प्रार्थनेसाठी भलं मोठं दगडी मंदिर उभं राहतंय. साल १९०० आणि योगायोग असा, की आवारातल्या जिवांची संख्याही तेवढ्याच घरात. इतक्या तोंडांचं रोज दोन वेळचं! जात्यांची घरघर ऐका. एकेका जात्यावर दोघी दोघी बसल्या आहेत. चुलींची रांग पेटली आहे. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जातो आणि त्या धुरातून भाजल्या भाकरीचा वास येतो. तुमच्या हातातल्या पोरीला तो आला बरं का. तिची बोटं एकदम घट्ट झाली.

पण भाकरी लगेच नाही. खंगलेल्या पोटाला आधी पातळ पेज, तीही थोडी थोडी. त्याआधी आंघोळ आणि डोकं भादरणं. केसांत उवा आहेत, खपल्या आहेत. वस्तऱ्याचा आवाज ऐकून एक बाई मान वळवते. तिचंही डोकं एकदा असंच भादरलं होतं, नवरा मेला म्हणून. इथे तिचे केस आता कानापर्यंत आले आहेत. तुमच्या पोरीच्या बोडक्या डोक्याला कुणीतरी खोबरेल चोळतंय. ज्या डोक्यातून तेल काढणार होते, त्याच डोक्यात तेल मुरतंय. पोर अवाक होऊन बसली आहे. बसू द्या.

त्या बघा, बाई आल्या. हो, पंडिता रमाबाई. ठेंगणी मूर्ती, पांढरं लुगडं, आखूड कापलेले केस, फिकट घारे डोळे. बोलायचं असेल तर जवळ जाऊन मोठ्याने बोला, त्यांना कमी ऐकू येतं. याच बहिरेपणाने त्यांचं डॉक्टर व्हायचं राहिलं. इंग्लंडला गेल्या होत्या त्या वैद्यक शिकायला. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे १८,००० श्लोक ज्यांना मुखोद्गत होते, कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, त्या आता एका मुलीच्या डोळ्यांची चिपडं ओल्या फडक्याने पुसताहेत.

त्यांच्या हाताकडे नीट बघा, तो हात हे काम जाणतो. पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ही बाई स्वतः अशीच होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे, देशभर तीर्थं फिरून पुराण सांगणारे. दुष्काळात भांडीकुंडी, दागिने विकून झाले. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली आणि तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. सोळा वर्षांची रमा शेजारणीच्या दारात गेली. भीक कधी मागितली नव्हती, तोंडातून शब्द फुटेना. त्या माउलीने ओळखलं आणि भाकरी दिली. रमा ती घेऊन धावत आली, पण आईला आता घास गिळवत नव्हता. आईची तिरडी उचलायला चौथा माणूस मिळेना, तेव्हा चौथी झाली ती. उंची खांद्याला पुरेना म्हणून आपल्या वाटचा भार तिने डोक्यावर घेतला.

आता चुलीवरच्या त्या भाकऱ्यांच्या उतरंडीकडे पुन्हा एकदा बघा.

चला, विहिरीवर जाऊ. उन्हं जरा कलली आहेत. पाणी खोल गेलंय, पोहऱ्याला दोर पुरवून पुरवून सोडावा लागतो. हात लावा दोराला. तळहाताला सुंभ लागतोय ना? इथे उभं राहूनच रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याविषयी बोलावं असं मला वाटतं. पुण्यात त्याची चर्चा फार झाली, टीका झाली, जवळचे म्हणावेत असे लोकही दूर गेले. त्या वादात आपण आज शिरायचं नाही. लंडनमधल्या फुलहॅमला वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं, समाजाने टाकून दिलेल्या बायांचं. तिथे कुणी त्या बायांना हिणवत नव्हतं, प्रायश्चित्तांचे डोंगर चढायला लावत नव्हतं. हे असं का, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा एका भगिनीने त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, लोकांनी नावं ठेवलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंना तो तिथे भेटला. त्यांची श्रद्धा मला कळते ती अशी, विहिरीच्या काठावरची. ओढा दोर. पोहरा वर आला की आधी रांगेतल्या पोरींना द्या.

येताना झाडांमधून येऊ. सावलीला थांबा घटकाभर. संत्री, लिंबं, आंबा. ही जमीन बाईंनी घेतली ती दुष्काळाच्या आधी, मुळात या झाडांसाठीच. बाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेला अमेरिकेतल्या मंडळींनी १० वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं होतं. दहा वर्षांनंतर काय? म्हणून फळबाग, जिच्या उत्पन्नावर पुढच्या मुली जेवतील. लावलेला आंबा धरायला लागेल तेव्हा आपण असू की नाही, हा हिशेब त्यात कुठेच नाही. नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेलेला, पदरी एकुलती एक लेक मनोरमा, आणि ही बाई ओसाड माळावर आंब्याची रोपं लावते. आणि १८९७ मध्ये, रोपं अजून लहानच असताना, मध्य प्रांतातल्या दुष्काळातून तीनशेच्या आसपास मुली आणून याच माळावर उतरवते. हिंमत म्हणतात ती हीच, असं माझं ठाम मत आहे.

पंगत बसली. बसा खाली मांडी घालून, जमीन अजून गरम आहे. भाकरी, वरण, बाजूला मीठ. सामिष काही मिळणार नाही. बाई ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारी राहिल्या त्या कायमच्या. तुमच्या डावीकडे ब्राह्मणाची बालविधवा, उजवीकडे कुणा मजुराची लेक. आणि समोर तुमची ती पोर, पेजेची वाटी दोन्ही हातांनी धरून. वाटी रिकामी झाली तरी खाली ठेवत नाही. कुणीतरी येऊन त्यात आणखी एक पळी घालतं.

आता पुन्हा डोळे मिटा. पाच वर्षं पुढे जाऊ.

कानांवर हात ठेवा! हे १९०५. दगडी मंदिर मुलींनी भरलं आहे, सगळ्या जमिनीवर बसल्या आहेत आणि शेकडोजणी एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करताहेत. कुणी रडतेय, कुणी हसतेय. आवाज दगडी भिंतींवरून परत येतो, छातीत घुमतो. तुम्ही ख्रिस्ती असा नसा, अंगावर काटा येतोच. ज्यांना कुणी कधी दोन शब्द बोलू दिले नाहीत, त्या बोलताहेत. त्यांचं होऊ द्या, आपण बाहेर येऊ.

आणखी थोडं पुढे या आणि वास घ्या. शाई आणि रॉकेल. हा छापखाना. खणांच्या पेट्यांसमोर मुली उभ्या आहेत, शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवताहेत. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकीचा खण बोटांना पाठ. चुकून गालाला हात लावलात, आता काळा पट्टा उमटलाय. असू द्या.

बाई बायबल मराठीत आणताहेत. त्यासाठी या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आणि संस्कृतात ज्यांची जीभ लहानपणीच घडली, त्या जड संस्कृत शब्द वेचून बाहेर काढताहेत, खडे निवडावेत तसे. जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल अशी भाषा हवी त्यांना. त्यांच्या हाताशी असलेलं सगळ्यात मोलाचं ते संस्कृतच होतं, आणि तेच त्यांनी बाजूला ठेवलं. या कामाचं पुरेसं कौतुक मराठीने अजून केलेलं नाही.

पुढे १९२१ मध्ये मनोरमा गेली. बाई काम करत राहिल्या, भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. सबंध बायबल छापून हातात आलं १९२४ मध्ये, त्यांच्या माघारी.

उघडा डोळे. गालावरची शाई पुसा. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात तर केडगाव आजही लागतं आणि मुक्ती मिशन आजही तिथेच आहे. एकदा उतरा.